एअर काढली तरी ब्रेक पेडल पुन्हा नरम : खालून वर ऑइल ढकलायचा उपाय

ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा बाहेर काढली, म्हणजे एअर काढून झाली, की ब्रेक पेडल दगडासारखं टणक लागतं. सामान आवरून ठेवतो, हात धुतो, काम झालं म्हणून निवांत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसलो की पहिला दाब निम्म्याच्या खाली जातो, दुसऱ्याला पेडल वर येतं, तिसऱ्याला पुन्हा टणक. बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल केसभरही उतरलेलं नाही, चाकांशी ओल नाही, तरी पेडल नरम. ज्यांची गाडी असं करतेय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. या एका दुखण्यापायी माझे सहा रविवार आणि ब्रेक ऑइलच्या पाच बाटल्या गेल्या, आणि शेवटी सापडलेलं कारण कळल्यावर अगदी साधं होतं.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, मागच्या बाजूने गळत होता, ऑइल बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) उतरत होतं, म्हणून एका गॅरेजात नवा सिलेंडर बसवून घेतला. गाडी ताब्यात घेतली तेव्हाच पेडल लुसलुशीत वाटलं. ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ असं सांगण्यात आलं. डिस्कचे नवे पॅड, ड्रमचे नवे लायनर यांना बसायला थोडे किलोमीटर लागतात हे खरं. मास्टर सिलेंडरला तसं काही लागत नाही. तो पहिल्या दाबापासून पूर्ण काम करतो, नाहीतर काहीतरी चुकलेलं असतं. हे मी त्याच दिवशी ठामपणे म्हणायला हवं होतं.

त्यानंतर घरच्यांना घेऊन तुळजापूरला गेलो. सोलापूरपासून जेमतेम ४५ किलोमीटर, सवयीचा रस्ता. जाताना चढ, म्हणून काही जाणवलं नाही. दर्शन करून परत निघालो. घाट उतरताना एका वळणाआधी पाय ठेवला तर पेडल निम्म्याच्या खाली गेलं. लगेच पाय उचलून दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा ब्रेक लागला. मागच्या सीटवर आई आणि पोरं गप्पा मारत होती, कुणाला काही कळलं नाही. मी दुसरा गिअर टाकला आणि उरलेला घाट त्याच गिअरवर उतरलो. घरी पोचेपर्यंत हाताचा घाम वाळला नव्हता.

मग घरच्या घरी नेहमीच्या पद्धतीने एअर काढायला लागलो. पुतण्या पेडल मारणार, मी चाकाशी निपल, म्हणजे हवा-ऑइल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, उघडणार. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा काम संपताना पेडल टणक, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या सकाळी पुतण्याची हाक, ‘काका, परत खाली गेलं की ओ.’

इथे माझी मुख्य चूक होती, आणि बहुतेकांची हीच होत असावी. एअर काढून झाल्यावर आपण पेडल कसं तपासतो? धडाधड पंप मारून. पंप मारला की पॅड आणि शू (ड्रमच्या आतले, लायनर लावलेले) डिस्क-ड्रमच्या जवळ सरकून राहतात, त्यामुळे आत हवा असली तरी पेडल वर येतंच. ते टणकपण खोटं असतं. खरी परीक्षा म्हणजे गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायची आणि सकाळी इंजिन चालू न करता पहिला एकच दाब बघायचा. तो पहिला दाब कधीच सुधारला नव्हता. म्हणजे हवा परत शिरत नव्हती, ती आतून निघालेलीच नव्हती. हे समजल्यावर प्रश्नच बदलला. ‘हवा कुठून येते’ हे शोधायचं सोडून ‘हवा कुठे बसलीय’ हे शोधायला लागलो.

नरम म्हणजे नेमकं कसं नरम

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं पेडलशी बसा. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम निघून जाईल. मग सावकाश दाबून पाय तसाच रोवून ठेवा, मिनिटभर. पाय हळूहळू खाली बुडत गेला तर एक तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरच्या आतली रबरं ऑइल मागे सोडतायत. अशा सिलेंडरवर कितीही ब्लीडिंग करा, म्हणजे एअर काढा, पैसे आणि ऑइल दोन्ही वाया. माझं पेडल बुडत नव्हतं, एका जागी थांबत होतं, पण थांबलेल्या जागी उशीवर पाय ठेवल्यासारखं झोके देत होतं. हा झोका हवेचा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि तीच पायाला परत ढकलते.

पंप मारल्यावर वर आलेलं पेडल झोका न देता ठाम लागत असेल, तर हवेच्या आधी मागच्या शूची ॲडजस्टमेंट बघा. शू आणि ड्रममध्ये फट जास्त झाली की पहिला दाब ती फट भरण्यातच संपतो. हा निव्वळ अंतराचा प्रश्न आहे, हवेचा त्याच्याशी संबंध नाही. चाकाचा बेअरिंग ढिला असला तरी डिस्क हलून पॅड मागे ढकलते आणि पहिला दाब खोल जातो. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून जाम झाल्या असल्या तरी कॅलिपर वाकडा खेचला जाऊन पेडल स्पंजासारखं लागतं.

सकाळी पेडल ठणठणीत पण घाटात किंवा जोराने ब्रेक मारल्यावर नरम, आणि गाडी थंड झाली की परत ठीक, असं असेल तर ती जुन्या ऑइलची तक्रार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर सतत ब्रेक दाबून पुढचे कॅलिपर तापले की आतलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा तर ब्रेक आधीच गरम असतात. अशा वेळी ऑइल पूर्ण बदलणं हाच उपाय. दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी फिरो न फिरो.

हवा कुठे आहे ते शोधणं

प्रत्येक चाकापाशी लवचिक रबरी होज असतो. होज दाबायचे गुळगुळीत जबड्याचे क्लॅम्प मिळतात. ते लावून सगळ्या होज बंद केल्या की मास्टर सिलेंडर आणि लोखंडी पाइप चाकांपासून तुटतात. आता पेडल एकदम वर आणि भिंतीसारखं लागायला हवं. तसं लागलं तर दोष खाली, चाकांच्या बाजूला. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. जो सोडल्यावर पेडल नरम होतं, ते चाक दोषी. साधी पकड किंवा व्हाइस ग्रिप यासाठी वापरू नका, दात लागून होज आतून फाटते आणि ते बाहेरून दिसतही नाही. होज जुनी, भेगाळलेली असेल तर क्लॅम्प लावण्याऐवजी सरळ नवी टाका. फुगणाऱ्या जुन्या होजमुळेही पेडल असंच नरम लागतं.

माझ्या गाडीत सगळे क्लॅम्प लावूनही पेडल झोके देत होतं. म्हणजे मी ज्या चाकांपाशी तीन रविवार खपलो, तिथे दोष नव्हताच. हवा वरच होती, मास्टर सिलेंडरपाशी.

पण ती वरच का राहत होती, हे मला माझं कळलं नाही. ते दाखवलं आमच्या ओळखीच्या एका अण्णांनी. अक्कलकोट रोडला आयुष्यभर ट्रकांची कामं केलेला माणूस. ते घरी आले, बॉनेट उघडायच्या आधी दोन पावलं मागे सरकून गाडीकडे नुसतं बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘मालक, गाडीचं नाक आभाळाकडं करून एअर कशी निघंल ओ? ती वरच बसणार की.’

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा पोर्च रस्त्यापेक्षा चांगला दीड-दोन फूट उंच. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधतानाच भर टाकून घेतलेली. दारातला रॅम्प तसा छोटा, पण पोर्चची फरशीही पाणी बाहेर जावं म्हणून रस्त्याच्या बाजूला उतरती आहे. गाडी मी नेहमी पुढून आत घेतो. म्हणजे तिन्ही वेळा गाडीचं नाक वर आणि मागची बाजू खाली. त्यात पुढचं चाक काढायला पुढून जॅक लावला की नाक आणखी वर.

मास्टर सिलेंडर बूस्टरला आडवा बसतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो मुळातच पुढच्या टोकाला थोडा उचललेला असतो. पिस्टन सुटलेला असताना सिलेंडरमधून वरच्या डबीत जायला बारीक छिद्रं असतात, ती सिलेंडरच्या दोन्ही कप्प्यांत मागच्या बाजूला, पिस्टनच्या रबराजवळ. नाक वर असलं की हवा पुढच्या टोकाला जाऊन बसते आणि तिला छिद्रापर्यंत येता येत नाही. पेडल मारलं की ती दबते, सोडलं की फुगते, ऑइल मात्र तिच्या खालून वाहत चाकांकडे जात राहतं. चाकाच्या निपलमधून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. म्हणूनच नवा सिलेंडर गाडीत चढवण्याआधी तो व्हाइसमध्ये सपाट धरून, त्यात ऑइल भरून आधी एअर काढायची असते. माझ्या सिलेंडरची ती काढलेली नव्हती.

खालून वर : लागणारं सामान

नेहमीच्या पद्धतीत ऑइल वरून खाली जातं आणि हवेलाही तिच्या इच्छेविरुद्ध खाली ओढलं जातं. उलट्या पद्धतीत चाकाच्या निपलमधून ऑइल आत ढकलायचं. ते पाइपातून वर चढतं, मास्टर सिलेंडरमधून डबीत येतं आणि हवेला तिच्याच वाटेने वर नेतं. तयार पंपासारखं टूल मिळतं, गाडीचं काम वरचेवर करणाऱ्याने ते घ्यावं. मी जनावरांच्या औषधांच्या दुकानातून निमुळत्या लांब तोंडाची ५० मिलीची सिरिंज आणली. तिच्यावर पारदर्शक नळी घट्ट बसते. नळी निपलवर ताणून बसेल इतकीच रुंद हवी, आणि दोन्ही टोकांना बारीक तार किंवा क्लिप. दाबाखाली नळी सुटली तर ऑइल थेट तोंडावर उडतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच. सिरिंज कोरी हवी. तिचा रबर ब्रेक ऑइलमध्ये राहून जड चालायला लागतो, म्हणून काम झालं की ती टाकून द्यायची. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल यांचा अंशही लागलेली सिरिंज किंवा बाटली चालत नाही. खनिज तेल लागलं की ब्रेकची सगळी रबरं फुगतात आणि मग पूर्ण सिस्टीमच उघडावी लागते.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच घ्या. जांभळ्या रंगाचं सिलिकॉनचं डॉट ५ आपल्या साध्या गाड्यांत घालायचं नाही, डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे. बाटली सीलबंद हवी. मागच्या वर्षी अर्धी वापरून फडताळात ठेवलेली बाटली एवढ्या कामापुरती म्हणूनही काढू नका.

निपलला रिंग पानाच लावा, फिक्स पान्याने कडा झिजतात. गंजलेला निपल असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी पुसून घ्या. जोर लावून निपल मोडला तर कॅलिपरच काढायची वेळ येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. स्टँड हवेत, आणि जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना लाकडी ठोकळे. स्टँडच्या जागी विटा, सिमेंटचे ब्लॉक असं काहीही लावू नका, ते फुटतात.

एबीएस असलेल्या गाडीत, म्हणजे एप्रिल २०१९ नंतरच्या बहुतेक सगळ्याच, थोडं थांबा. उलटं ऑइल ढकलताना कॅलिपरमधला गाळ वर जाऊन एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. आणि एबीएस युनिटच्या आतच हवा असेल तर ते व्हॉल्व्ह स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) उघड-मीट केल्याशिवाय ती निघत नाही. अशा गाडीची एअर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच काढून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष काम

पहाटे साडेपाचला सुरुवात केली. मे महिन्यात सोलापुरात नऊनंतर पोर्चमध्ये लोखंडाला हात लावता येत नाही. गाडी आदल्या संध्याकाळीच उलटी, मागून आत घेऊन ठेवली होती. आता मागची बाजू वर आणि नाक रस्त्याकडे उतरतं. अण्णांनी मागून आणखी थोडी उचलून स्टँडवर घेतली आणि मास्टर सिलेंडरवर सपाटी बघायची एक छोटी लेव्हल बॉटल ठेवून बघितली. सिलेंडर सपाट, किंचित पुढे झुकता झाला तेव्हाच ते पुढच्या कामाला लागले.

पहिलं काम उलटं नाही, सुलटंच. डबीतलं काळपट ऑइल सिरिंजने काढून नवं भरलं आणि चारही निपल पाळीपाळीने उघडून ऑइल आपोआप गळू दिलं, प्रत्येक चाकाला स्वच्छ येईपर्यंत. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, पाच मिनिटांनी एकदा बघायचं. हे करायलाच हवं. कॅलिपरच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो, तो तसाच वर ढकलला तर नव्या मास्टर सिलेंडरच्या रबरांखाली जाऊन बसेल. मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असलेल्या गाडीत मागची चाकं लटकत असताना व्हॉल्व्ह मागचं ऑइल अडवतो. तिथे ॲक्सलखाली आधार देऊन स्प्रिंगवर भार ठेवावा लागतो.

मग डबीतलं ऑइल खालच्या खुणेपर्यंत काढून घेतलं, कारण आता खालून भर पडणार. डबीभोवती जुनी सोलापुरी चादर गुंडाळली आणि शेजारी बादलीभर पाणी भरून ठेवलं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उकलतो, लगेच भरपूर पाणी ओतलं तर वाचतो. पुसत बसायचं नाही, धुवायचं.

सिरिंज भरताना ऑइल हळू ओढा, नाहीतर फेस येतो. भरली की तोंड वर करून टिचक्या मारा, हवा वर गेली की ती आणि नळीतली सगळी हवा बाहेर ढकला, नळीच्या टोकाला ऑइलचा थेंब लोंबेपर्यंत. तो थेंब तसाच असताना नळी निपलवर चढवायची. इथे घाई केली तर आपणच हवा आत भरतो. निपल पाव वळसा, फार तर अर्धा उघडायचा. जास्त उघडला तर ऑइल आट्यांमधून बाहेर गळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिला तर ते थांबतं, पण टेप निपलच्या टोकाच्या छिद्रावर किंवा शंकूवर येऊ देऊ नका. सिरिंज उभी धरा, दट्ट्या वर आणि तोंड खाली, म्हणजे चुकून राहिलेली हवा दट्ट्यापाशी राहील. शेवटचे पाच मिली कधीच ढकलू नका. आधी निपल बंद, मग नळी काढायची, हा क्रम मोडू नये.

आणि पेडलला कुणी हात-पाय लावायचा नाही. पेडल जरा जरी दाबलेलं असलं तरी डबीकडे जाणारी छिद्रं बंद होतात आणि ऑइल वर जाऊ शकत नाही. पुतण्याला मी ड्रायव्हरच्या सीटवरून उठवून डबीपाशी उभं केलं, हातात टॉर्च देऊन. सिरिंज अजिबात ढकलली जात नसेल आणि पेडल मोकळं असेल, तर बूस्टरचा पुशरॉड (पिस्टनला ढकलणारी दांडी) लांब बसलाय का ते बघा. लांब रॉड पिस्टनला थोडा दाबून ठेवतो, छिद्रं उघडतच नाहीत, आणि अशा गाडीचे ब्रेक चालतानाही घासत राहतात.

सुरुवात मास्टर सिलेंडरच्या जवळच्या चाकापासून केली, म्हणजे पुढचं उजवं, कारण माझी हवा वरच होती आणि तिला सगळ्यात आखूड वाट तीच होती. अंगठ्याने सावकाश, एकसारखा दाब. पहिले वीस मिली गेले, वर काही नाही. मग पुतण्या म्हणाला, ‘ऑइल हलतंय.’ आणि लगेच, ‘काका, आला, आला!’ मी निपल बंद करून वर जाऊन बघितलं तर डबीच्या तळातून एकामागून एक बुडबुडे येत होते. आधी वाटाण्याएवढे दोन-तीन, मग मोहरीएवढ्यांची बारीक माळ. डबीत कान घातला तर फुटताना टप् टप् ऐकू येत होतं. तीन रविवार खाली शोधलेली हवा इथून निघत होती. अण्णा लाकडी मुठीने मास्टर सिलेंडरच्या पुढच्या टोकावर हलकेच टकटक करत होते, प्रत्येक टकटकीला एखादा बुडबुडा सुटत होता.

एका सिरिंजनंतर डबीतली पातळी बघून जास्तीचं ऑइल काढून घेतलं. ते पुन्हा वापरलं नाही. पुढच्या उजव्याला दोन सिरिंजा, मग मागचं डावं. अनेक लहान गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट तिरके असतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका कप्प्यावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. म्हणून पुढच्या डाव्यालाही ढकलताना पुन्हा बुडबुडे आले, तो दुसरा कप्पा होता. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच पाळा. मागच्या ड्रमच्या चाकांना जोर कमी लावा. व्हील सिलेंडरची रबरं नाजूक असतात, आणि ढकलताना ड्रम जागेवर बसलेला हवा, नाहीतर पिस्टन बाहेर येतो.

बुडबुडे थांबल्यावरही एक फेरी आणखी केली. त्यानंतर चारही चाकांना पुन्हा सुलट्या दिशेने थोडं थोडं ऑइल गळू दिलं, म्हणजे सिरिंज जोडताना चुकून कॅलिपरमध्ये शिरलेली हवा निघून जाते. या वेळी पेडल मारून एअर काढायची असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढची भिंत गंजलेली, खरखरीत असते. पेडल तळापर्यंत मारलं की रबर त्या खरखरीवरून घासून फाटतं. ‘एअर काढल्यावर मास्टर सिलेंडर गेला’ असं जे ऐकू येतं त्यामागे बहुधा हेच असतं.

त्यानंतरही थोडं राहिलंच

पेडलचा झोका पूर्ण गेला. पण प्रवास अजून लांब वाटत होता, आधी सांगितलं तसा ठाम पण खोल. तो मागच्या शूचा भाग निघाला. दोन्ही ड्रम काढले, आतली धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली. फुंकून किंवा हवा मारून ती उडवायची नाही, छातीत जाते. शूची फट कमी-जास्त करणारा ॲडजस्टर गंजून थांबला होता. साफ करून, चाक हाताने फिरवताना शू अगदी हलका घासेल इतका बाहेर आणला. पेडल दोन बोटं वर आलं. हे मी पहिल्याच रविवारी करायला हवं होतं, कारण शूची फट असताना हवेचा अंदाज धड येत नाही.

निपल फार आवळू नका, पाना आखूड धरून ठाम बसवा, बस. कॅलिपर, डिस्क, निपल ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने धुऊन कोरडे करा. पॅडवर किंवा लायनरवर ऑइल गेलं असेल तर ते बदलावेच लागतात. निपलवर रबरी टोप्या परत बसवा. चाकांखाली जुन्या वर्तमानपत्रांचे कागद ठेवून पाच मिनिटं जोरात पेडल दाबून ठेवा आणि कागद बघा. डाग दिसला तर गाडी हलवायची नाही.

इंजिन चालू करताना पाय पेडलवर ठेवला तर पेडल थोडं खाली जातं. तो बूस्टर जागा झाल्याचा पुरावा आहे, हवेचा नाही. बरेच जण इथे घाबरून परत ब्लीडिंगला बसतात.

त्या दिवशी मी गाडी रस्त्यावर काढली नाही. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दार उघडून, किल्ली न लावता, एकदाच पाय ठेवला. पेडल वरच्या वर, तीन बोटांच्या आत थांबलं आणि तिथेच राहिलं. पुतण्याला बोलावून त्यालाही एक दाब मारायला लावला. मग गल्लीत माणसं नसताना पायी चालण्याच्या वेगाने, नंतर वीसच्या वेगाने थांबून बघितलं. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नव्हती. हायवेला लागलो तो दोन दिवसांनी.

वापरलेलं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात ठेवू नका. पिवळसर, पातळ, सरबतासारखं दिसतं आणि ते विष आहे. मी ते त्याच्याच मूळ बाटलीत भरून, वर ठळक अक्षरात लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला देऊन आलो.

गाडी अजूनही मी मागूनच आत घेतो. रोजच्या चालवण्यात त्याने ब्रेकला काही फरक पडत नाही. पण पुढचं ऑइल बदलायचं काम पोर्चमध्येच करायचंय, आणि त्या दिवशी नाक खाली हवं.